१६० मीटरसाठी १२ मीटरचा उभा अँटेना: आखूड व्हर्टिकल कसा आखायचा आणि कसा बांधायचा

हौशी रेडिओच्या (हॅमच्या) १६० मीटरच्या पट्ट्यावर उतरायचं म्हटलं की पहिली अडचण जागेची येते. १.८३ मेगाहर्ट्झला तरंगलांबी होते १६४ मीटर. तिच्या पाव लांबीचा उभा अँटेना ४१ मीटर, म्हणजे साधारण तेरा मजली इमारतीएवढा. मध्यमलहरी केंद्रांना असे मनोरे उभारावेच लागतात. आकाशवाणी पुण्याच्या ७९२ किलोहर्ट्झला तर पाव तरंग ९५ मीटरचा होतो. हौशी रेडिओवाल्याच्या परसात बसतो १० ते १२ मीटरचा खांब. त्यामुळे आपल्याकडचे बरेच हॅम ४० मीटरपेक्षा लांब तरंगांच्या पट्ट्यांवर उतरतच नाहीत, आणि हिवाळ्यातल्या रात्री या पट्ट्यावर जे ऐकू येतं त्याला मुकतात.

१२ मीटरच्या खांबावर १६० मीटर नक्की चालतो, पण आकडेमोड आधी करायला हवी. बहुतेक जण खांब उभा करून खाली एक मोठी कॉइल लावतात, ट्यूनरने एसडब्ल्यूआर (रिग आणि अँटेना किती जुळले आहेत ते सांगणारा आकडा, १:१ म्हणजे पूर्ण जुळणी) खाली आणतात आणि मग कोणी ऐकत नाही म्हणून पट्ट्यालाच दोष देतात. म्हणून खाली एक पूर्ण अँटेना आकड्यांसकट मांडला आहे. तुमची उंची वेगळी असली तरी हिशेबाची रीत तीच राहील.

भारतात १८२० ते १८६० किलोहर्ट्झ हा भाग हौशी रेडिओला वर्षानुवर्षे मिळत आला आहे. तरी तुमच्या परवान्याच्या अनुसूचीत छापलेली वारंवारता आणि शक्ती हेच अंतिम. ते वाचूनच कामाला लागा.

वॅट जातात कुठे

अँटेनाच्या पायथ्याशी तीन रेझिस्टन्स एकामागे एक जोडलेले आहेत असं समजा. पहिला रेडिएशन रेझिस्टन्स. यात गेलेली शक्ती लहरी होऊन बाहेर पडते. दुसरा कॉइलचा, तिसरा जमिनीचा. या दोघांत गेलेली शक्ती नुसती उष्णता होते. तिघांतून करंट एकच वाहतो, म्हणून शक्तीची वाटणी या तीन आकड्यांच्या प्रमाणात होते. अँटेना आखणं म्हणजे पहिला आकडा वाढवणं आणि उरलेले दोन कमी करणं.

पाव तरंगाच्या पूर्ण उंचीच्या अँटेनाला पहिला आकडा साधारण ३६ ओहम असतो. तिथे जमिनीने १० ओहम खाल्ले तरी फारसं बिघडत नाही. आखूड अँटेनाचं गणित वेगळं आहे. नुसता सरळ खांब असेल तर करंट पायथ्याशी सर्वांत जास्त आणि टोकाला शून्य, असा सरळ रेषेत उतरत जातो. अशा खांबाचा रेडिएशन रेझिस्टन्स काढायचा तर उंचीला तरंगलांबीने भागा, वर्ग करा आणि ३९५ ने गुणा. १२ भागिले १६३.८ म्हणजे ०.०७३३, त्याचा वर्ग ०.००५३७, आणि उत्तर येतं २.१ ओहम.

म्हणजे जमीन १० ओहम आणि कॉइल ३ ओहम धरली, तर १०० वॅटपैकी हवेत जातात फक्त १४. रिगचा (रेडिओ संचाचा) मीटर मात्र पूर्ण शंभर दाखवत असतो.

आता याच सूत्राची दुसरी बाजू पाहा. करंट खांबाच्या टोकापर्यंत उतरलाच नाही, सगळीकडे सारखा राहिला, तर गुणक ३९५ ऐवजी १५७९ होतो आणि त्याच १२ मीटरच्या खांबाचा रेडिएशन रेझिस्टन्स ८.५ ओहम येतो. उंची एक इंचानेही न वाढवता चौपट! ही आदर्श स्थिती पूर्णपणे गाठता येत नाही, पण तिच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं. पुढचे जवळजवळ सगळे निर्णय यावरूनच ठरतात.

खांबाचा रिॲक्टन्स

आखूड खांब कपॅसिटरसारखा वागतो, म्हणजे करंटला रिॲक्टन्स नावाचा अडथळा करतो; कॉइलचा रिॲक्टन्स त्याच्या उलट असतो, म्हणून ती तो रद्द करू शकते. तो किती कपॅसिटिव्ह आहे हे काढायला आधी खांबाचा स्वभाव-इम्पीडन्स लागतो. उंचीची चौपट घ्या, तिला खांबाच्या व्यासाने भागा (दोन्ही मीटरमध्ये), त्याचा नैसर्गिक लॉग घ्या, १ वजा करा आणि ६० ने गुणा. ४० मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियम पाइपला हे उत्तर ३६५ ओहम येतं.

मग उंची अंशांत मांडा. पूर्ण तरंग ३६० अंश, तर १२ मीटर म्हणजे २६.४ अंश. ३६५ ला टॅन २६.४ ने भागलं की ७३५ ओहम. एवढा कपॅसिटिव्ह रिॲक्टन्स रद्द करायला पायथ्याशी ६४ मायक्रोहेन्रीची कॉइल लागेल. कॉइलचा क्यू (रिॲक्टन्स तिच्या रेझिस्टन्सच्या किती पट आहे तो आकडा) २५० धरला तर तिचा स्वतःचा रेझिस्टन्स ७३५ भागिले २५०, म्हणजे २.९ ओहम.

जाड पाइपऐवजी फायबरग्लासच्या काठीला २ मिलिमीटरची तार बांधून काम भागवलं तर स्वभाव-इम्पीडन्स ५४५ वर जातो आणि रिॲक्टन्स १,१०० ओहमपर्यंत चढतो. कॉइल मोठी, नुकसान जास्त, बँडविड्थ (न बदलता अँटेना चालतो तो वारंवारतेचा पट्टा) कमी. काठीच वापरायची असेल तर तिच्याभोवती तीन-चार तारा थोड्या अंतरावर उभ्या सोडा आणि वर-खाली एकत्र जोडा. जाडीचा फायदा बराचसा मिळतो.

कॉइल खाली, मध्ये, की वर टॉप हॅट?

यावर बँडवर बरेच वाद होतात. वाद घालण्यापेक्षा तिन्ही पर्याय एकाच खांबावर मोजलेले बरे. जमीन सगळीकडे १० ओहम आणि कॉइलचा क्यू २५० धरू.

कॉइल पायथ्याशी: वर आलंच आहे, १४ टक्के.

कॉइल खांबाच्या मध्यावर: कॉइलच्या खालच्या अर्ध्या भागात करंट जवळजवळ सारखा राहतो, त्यामुळे रेडिएशन रेझिस्टन्स ४.८ ओहमवर जातो. पण आता कॉइल दुप्पट, सुमारे १२८ मायक्रोहेन्रीची लागते आणि तिचं नुकसान साडेपाच ओहमच्या घरात. कार्यक्षमता २३ टक्के. शिवाय ही जड कॉइल सहा मीटरवर वाऱ्या-पावसात लटकणार आणि ट्यूनिंग बदलायचं झालं की दर वेळी खांब खाली घ्यावा लागणार.

वर टॉप हॅट आणि कॉइल पायथ्याशी: खांबाच्या टोकापासून दोन बाजूंना ८-८ मीटर आडव्या तारा, म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारखा आकार. आडव्या बारीक तारेचा कपॅसिटन्स मीटरमागे ५ ते ६ पिकोफॅरॅड असतो. १६ मीटरचे साधारण ९० पिकोफॅरॅड, आणि १.८३ मेगाहर्ट्झला त्यांचा रिॲक्टन्स ९६६ ओहम. ३६५ ला ९६६ ने भागून व्यस्त टॅन घेतला की २०.७ अंश मिळतात. म्हणजे टॉप हॅटने खांबाला विद्युतदृष्ट्या २०.७ अंश लांबी जोडली आणि एकूण लांबी ४७.१ अंश झाली.

याचे परिणाम पाहा. पायथ्याचा रिॲक्टन्स ७३५ वरून ३३९ ओहमवर येतो. कॉइल ६४ ऐवजी २९.५ मायक्रोहेन्रीची, तिचं नुकसान १.४ ओहम. खांबाच्या टोकाशी करंट आता शून्य नसून पायथ्याच्या ४८ टक्के आहे. सरासरी ७४ टक्के, तिचा वर्ग गुणिले ८.५, म्हणजे रेडिएशन रेझिस्टन्स ४.७ ओहम. कार्यक्षमता २९ टक्के. पहिल्या पर्यायाच्या दुप्पट, म्हणजे ३ डेसिबल, आणि तेही ऊन-पाऊस सोसणाऱ्या साध्या तारेच्या जोरावर. दुप्पट ताकद देणारा ॲम्प्लिफायर घेण्याआधी हा आकडा नीट पाहा.

माझं मत स्पष्ट आहे: टॉप हॅट लावायला जागा असेल तर मधल्या कॉइलच्या वाटेला जाऊ नये. मधली कॉइल गाडीवरच्या अँटेनाला शोभते, कारण तिथे आडवी तार पसरायला जागाच नसते.

टॉप हॅट बांधताना

टी आकाराला दोन टोकांचे आधार लागतात. कोकणात दोन माड समोरासमोर असले की प्रश्न सुटतो. देशावर शेतघराच्या कोपऱ्यांवर दोन हलके बांबू चालतात. तारेचं टोक आणि दोरी यांच्यामध्ये इन्सुलेटर हवाच, कारण सर्वांत जास्त व्होल्टेज या टोकांवर असतं. झाडाच्या पानांना तार टेकू देऊ नका. टोकापासून फांदीपर्यंत किमान एक-दोन मीटर दोरी असू द्या. झाड वाऱ्यात डोलतं, म्हणून एका बाजूची दोरी कप्पीवरून घेऊन तिला वजन लटकवा. घट्ट बांधलेली तार पहिल्याच वादळात तुटते.

आधार नसतील तर स्टे म्हणून, म्हणजे खांब ताणून धरायला, वापरायच्या दोऱ्यांचा वरचा भागच तारेचा करता येतो, छत्रीच्या काड्यांसारखा. इथे एक गोम आहे. तार खाली उतरली की तिच्यातला करंट खांबातल्या करंटच्या उलट दिशेला वाहतो आणि आपल्याच कामावर पाणी ओततो. ८ मीटरच्या चार तारा पूर्ण आडव्या असत्या तर रेडिएशन रेझिस्टन्स साडेपाच ओहमवर गेला असता. त्याच तारा जमिनीकडे ३० अंश झुकल्या तर तो सव्वाचारच्या आसपास येतो, ४५ अंश झुकल्या तर पावणेचारवर. म्हणजे झुकलेल्या चार तारा आडव्या दोन तारांच्या बरोबरीलाही येत नाहीत. तारा लांब करत खाली आणण्याचा मोह इथेच आवरायचा: तारेचं खालचं टोक खांबाच्या अर्ध्या उंचीखाली जाऊ देऊ नका.

चार तारांची टोकं एकमेकांना गोल तारेने जोडली तर थोडी लांबी वाचते. तीही चांगली युक्ती आहे.

जमीन

वरच्या टी अँटेनाच्या १०० वॅटची वाटणी पुन्हा पाहू: २९ हवेत, ९ कॉइलमध्ये आणि ६२ जमिनीत. टॉप हॅट झाल्यावर पुढचा सगळा वेळ आणि पैसा कुठे घालायचा, हे या तीन आकड्यांतच आलं.

आपल्याकडे एक गैरसमज पक्का आहे. मीठ-कोळसा घालून केलेलं तांब्याच्या प्लेटचं अर्थिंग किंवा बोअरवेलची केसिंग म्हणजे अँटेनासाठी उत्तम जमीन, असं धरलं जातं. ५० हर्ट्झच्या विजेसाठी आणि आकाशातल्या विजेसाठी ते हवंच. पण रेडिओ करंट जमिनीत फार खोल जात नाही. तो खांबाभोवती पृष्ठभागाजवळून परत येतो. त्याला पसरट जाळं लागतं, आणि ते जाळं म्हणजे रेडियल: पायथ्यापासून चहूकडे जमिनीवर पसरलेल्या तारा.

१९३७ साली अमेरिकेत आरसीए या रेडिओ कंपनीच्या अभियंत्यांनी जमिनीत शंभरावर रेडियल पुरून मोजमापं केली, आणि मध्यमलहरी केंद्रांना १२० रेडियल घालण्याची प्रथा त्यातून पक्की झाली. आपल्याला एवढे नकोत. आखूड अँटेनाचा परतीचा करंट मुख्यतः पायथ्याभोवती, खांबाच्या उंचीएवढ्या वर्तुळात दाटलेला असतो. म्हणून मोजकी तार असेल तर तिचे थोडे लांब तुकडे करण्यापेक्षा जास्त आखूड तुकडे करा. ४० मीटरचे चार रेडियल आणि १० मीटरचे सोळा, तार सारखीच. या उंचीच्या अँटेनाला सोळा कितीतरी चांगले.

घरातल्या वायरिंगची पीव्हीसी वायर ९० मीटरच्या बंडलमध्ये मिळते. एका बंडलचे आठ समान तुकडे केले की प्रत्येक ११.२५ मीटरचा येतो, आपल्या १२ मीटरच्या खांबाला अगदी जुळणारा. दोन बंडलांत सोळा रेडियल, चार बंडलांत बत्तीस. वायर बारीक, ०.७५ चौरस मिलिमीटरची चालते. करंट सगळ्यांत वाटला जातो. वरचं प्लास्टिक सोलू नका, त्यामुळे तांबं टिकतं. गवतावर पसरून तारेच्या यू-आकाराच्या खिळ्यांनी दाबली की पहिल्या पावसात गवत त्यांना पोटात घेतं. पुरायचीच तर दोन-तीन बोटं खोल पुरे.

सगळे रेडियल पायथ्याशी एका स्टेनलेस स्टीलच्या पट्टीला बोल्टने जोडा. तांबं आणि ॲल्युमिनियम थेट एकमेकांना टेकवू नका. मध्ये स्टेनलेसचा वॉशर घाला, नाहीतर दमट हवेत सांधा वर्षभरात पांढरा पडतो.

माती कोणती यावरही बरंच अवलंबून असतं. ओलसर काळी माती चांगली साथ देते, पण उन्हाळ्यात भेगाळली की रेझिस्टन्स वर जातो. जांभा आणि पातळ मुरुमाखालचा कातळ यांत नुकसान जास्त, तिथे रेडियल बत्तीसपर्यंत न्यावेत. समुद्राच्या पाण्याची विद्युतवाहकता साध्या मातीच्या जवळजवळ हजारपट असते, म्हणून किनाऱ्यावर उभारलेला तोच अँटेना लांबच्या स्टेशनांना चकित करून जातो.

जमिनीचा रेझिस्टन्स १० वरून ५ ओहमवर आणलात तर कार्यक्षमता २९ वरून ४२ टक्क्यांवर जाते.

कॉइल

ठरलेली कॉइल २९.५ मायक्रोहेन्रीची. पण टॅप (कॉइलच्या मधल्या वेढ्यावरून घेतलेली जोडणी) सरकवायला वाव हवा, म्हणून ३३ ची बनवू.

प्लंबिंगचा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या, लांबी २० सेंटिमीटर. तार १२ गेजची इनॅमल तांब्याची, जाडी २.६४ मिलिमीटर. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात ही वजनावर मिळते. आठ मीटरला साधारण ४०० ग्रॅम भरते. वेढे २०, एका वेढ्यापासून दुसरा ५ मिलिमीटरवर, म्हणजे कॉइलची लांबी १० सेंटिमीटर. हिशेबाने ३३ मायक्रोहेन्री होतात.

वेढ्यांमधलं अंतर सारखं ठेवायला तारेच्या जोडीने तेवढ्याच जाडीची नायलॉनची दोरी गुंडाळा. टोकं पक्की केल्यावर दोरी उलगडून काढा आणि पाइपच्या लांबीत तीन-चार ठिकाणी इपॉक्सीची रेघ ओढा. पाइपवर तार ताणून बसावी यासाठी तिचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधा आणि पाइप हातात फिरवत तिच्याकडे चालत जा. दुसऱ्या कुठल्याही रीतीने एवढी नेटकी बसत नाही.

बाराव्या वेढ्यापासून पुढे प्रत्येक वेढ्यावर एका ठिकाणी इनॅमल खरवडून छोटा टॅप डाग द्या. टॅप एकाच ओळीत न घेता थोडे तिरके सरकवत घ्या, म्हणजे शेजारचे दोन टॅप एकमेकांना टेकत नाहीत.

कॉइलपासून कुठलंही धातूचं पत्रं निदान कॉइलच्या व्यासाएवढं दूर असू द्या. पत्र्याचा डबा क्यू खाऊन टाकतो. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाला पाणी निघायला बारीक भोकं पाडा आणि त्या भोकांवर जाळी लावा. पाली आणि मुंग्यांना उबदार डबे फार आवडतात.

पाइपचं पीव्हीसी चांगलं आहे का हे तपासायची सोपी रीत: अँटेना जुळल्यावर पूर्ण शक्तीचा कॅरियर (न बोलता सोडलेला सलग सिग्नल) दोन मिनिटं सोडा, रिग बंद करा आणि मगच कॉइलला हात लावा. तार कोमट लागली तर ठीक. पाइपच तारेपेक्षा गरम लागला तर तो बदला. १०० वॅटला या कॉइलमध्ये साडेआठ वॅटच जिरतात, त्यामुळे हात भाजेल इतकी ती तापताच कामा नये.

पायथ्याच्या इन्सुलेटरला हायलम (बेकलाइटसारखी कडक शीट) वापरू नका. ते पावसात पाणी पितं आणि इथे ८५० व्होल्ट असतात. भाजी चिरायचा जाड पांढरा प्लास्टिकचा बोर्ड कापून घेतला तर उत्तम इन्सुलेटर होतो.

५० ओहमशी जुळवणी

रेझोनन्सला, म्हणजे खांब आणि कॉइलचे रिॲक्टन्स एकमेकांना पूर्ण रद्द करतात तिथे, आपल्या अँटेनाचा एकूण रेझिस्टन्स ४.७ अधिक १.४ अधिक १०, म्हणजे १६ ओहम. रिगपासून येणाऱ्या ५० ओहमच्या कोॲक्स केबलला थेट जोडला तर एसडब्ल्यूआर ३ च्या वर दिसेल. ही चांगली खूण आहे. १२ मीटरच्या खांबाने कुठल्याही जुळवणीशिवाय १:१ दाखवला तर समजावं की जमिनीत चाळीस-पंचेचाळीस ओहम जळताहेत. रेडियल वाढवत गेलात की थेट जोडलेला एसडब्ल्यूआर बिघडत जातो आणि सिग्नल सुधारत जातो. हे मनावर पक्कं बिंबवून घ्या, कारण नेमक्या या टप्प्यावर घाबरून कित्येक जण रेडियल काढून टाकतात.

जुळवणीची सर्वांत साधी रीत म्हणजे पायथ्याशी एक छोटी समांतर कॉइल, कोॲक्सच्या मधल्या तारेपासून रेडियलच्या पट्टीपर्यंत. १६ ओहमला ती ३ मायक्रोहेन्रीची लागते. ५० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर २ मिलिमीटर तारेचे ८ वेढे, ३ मिलिमीटरच्या अंतराने, आणि सहाव्या-सातव्या वेढ्यावर टॅप. सातव्याला ३ च्या जवळ मिळतात. पुढे जमीन सुधारून एकूण रेझिस्टन्स ११ वर आला की सहाव्यावर सरकायचं.

ही कॉइल लावल्यावर मोठ्या कॉइलने अँटेना किंचित कपॅसिटिव्ह सोडायचा असतो. म्हणून मोठी कॉइल २९.५ ऐवजी साडेसत्तावीस मायक्रोहेन्रीला, म्हणजे सतराव्या-अठराव्या वेढ्याच्या मध्ये कुठेतरी येईल. छोट्या कॉइलचा आणखी एक फायदा: खांब तिच्यातून कायम जमिनीला जोडलेला राहतो आणि वळवाच्या ढगांखाली साचणारा स्थिर भार आपोआप उतरतो.

कोॲक्स डब्यातून बाहेर पडताना तिच्या बाहेरच्या कवचावरचा करंट अडवणारा चोक घालायलाच हवा. ‘३१’ नावाच्या मटेरियलच्या मोठ्या फेराइट रिंगवर कोॲक्सचे बारा-चौदा वेढे घ्या. चोक नसेल तर कोॲक्सचं बाहेरचं कवच आणखी एक रेडियल बनतं आणि घरातल्या एलईडी दिव्यांचा, चार्जरचा सगळा गोंगाट अँटेनापर्यंत पोहोचवतं.

ट्यूनिंग

नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचा छोटा मीटर) असला की काम सोपं. मीटरच्या केबलचं कॅलिब्रेशन डब्याशी जोडायच्या टोकापर्यंत करून घ्या.

छोटी कॉइल सोडवा. मीटर मोठ्या कॉइलचं खालचं टोक आणि रेडियलची पट्टी यांच्यामध्ये लावा, १.५ ते २.२ मेगाहर्ट्झपर्यंत स्वीप घ्या, म्हणजे सलग मोजत जा, आणि रिॲक्टन्स शून्य कुठे होतो ते पाहा. क्रोकोडाइल क्लिपने टॅप सरकवत तो बिंदू १.८३ वर आणा. एक पूर्ण वेढा रेझोनन्स सुमारे ५० किलोहर्ट्झने हलवतो, त्यामुळे बारीक जुळवणी पाव-पाव वेढ्याने करावी लागते. टॉप हॅटच्या दोन्ही टोकांना १० सेंटिमीटर तार कमी-जास्त केली की पाच-सहा किलोहर्ट्झ हलतात. तार कापण्याऐवजी मागे दुमडून ठेवा.

रेझोनन्सला दिसणारा रेझिस्टन्स लिहून ठेवा. त्यातून ६ ओहम (रेडिएशन आणि कॉइल) वजा केले की उरला तो जमिनीचा. आता चार-चार रेडियल वाढवत प्रत्येक वेळी मोजा. सुरुवातीला आकडा भराभर उतरतो, मग मंदावतो. रेडियलची संख्या दुप्पट करूनही एक ओहम उतरत नसेल तर तिथे थांबा. जवळ मध्यमलहरीचं मोठं केंद्र असेल तर मीटरवरचे आकडे नाचतात. तेव्हा स्वीपचा पट्टा अरुंद करा आणि सरासरी घ्या.

समाधान झालं की छोटी कॉइल लावा, मोठीचा टॅप अर्धा-एक वेढा कमी करा आणि दोन्ही टॅप आलटून-पालटून सरकवा. दोन-तीन फेऱ्यांत एसडब्ल्यूआर १.२ च्या आत येतो. मग क्लिप काढून टॅप पक्का डाग द्या. क्लिप कायमची ठेवली की सांधा तापतो. २:१ च्या आतली बँडविड्थ हिशेबाने सुमारे ४५ किलोहर्ट्झ येते, म्हणजे आपला ४० किलोहर्ट्झचा पट्टा जवळजवळ पूर्ण बसतो. जमीन ५ ओहमवर आणली तर बँडविड्थ ३० च्या आसपास उतरते. मग पट्ट्याच्या खालच्या भागातल्या सीडब्ल्यूसाठी (मोर्ससाठी) एक आणि वर १८४० किलोहर्ट्झच्या एफटी८ साठी (संगणकावरच्या डिजिटल संदेशांसाठी) एक असे दोन टॅप ठेवून रिलेने बदला.

व्होल्टेज आणि वीज

१०० वॅटला पायथ्याशी अडीच अँपिअर करंट आणि खांब-जमिनीमध्ये ८५० व्होल्ट, शिखर १,२००. टॉप हॅटच्या टोकांवर शिखर १,६०० च्या वर. ४०० वॅटला हे सगळं दुप्पट. म्हणून पायथ्याभोवती लाकडी किंवा बांबूचं कुंपण हवंच, मुलांचा आणि गुरांचा हात-तोंड पोहोचणार नाही एवढं. रेडिओ वारंवारतेचा चटका त्वचेखाली खोलवर भाजतो आणि बरा व्हायला वेळ घेतो.

खांब कुठल्याही दिशेला कोसळला तरी विजेच्या तारेला शिवणार नाही अशीच जागा निवडा. टॉप हॅटची आणि दोरीची लांबी त्यात धरा. अशी जागा नसेल तर हा अँटेना तिथे बांधायचा नाही.

एप्रिलपासून ढग गडगडायला लागले की कोॲक्स घराबाहेरच सोडवून ठेवा आणि जाड जंपरने खांब थेट अर्थिंगच्या रॉडला जोडा. तो रॉड आणि रेडियलची पट्टीही एकमेकांना जोडलेली हवी. तसाही एप्रिल ते सप्टेंबर या पट्ट्यावर कडकडाटाशिवाय फारसं काही ऐकू येत नाही. खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

ऐकायला हा अँटेना गोंगाटी असतो, हेही माहीत असू द्या. घरापासून दूर जमिनीजवळ एक छोटा लूप फक्त ऐकण्यासाठी लावलात तर बुडालेली स्टेशनं वर येतात.

गच्चीवर, ८० मीटरसाठी

सोसायटीच्या गच्चीवर १२ मीटरचा खांब कोणी उभारू देणार नाही. पण वारंवारता दुप्पट केली की सगळी मापं निम्मी होतात: ३.६ मेगाहर्ट्झला ६ मीटरचा खांब, ४-४ मीटरच्या आडव्या तारा, आणि कॉइल साधारण १५ मायक्रोहेन्रीची. खांबही निम्म्या जाडीचा घेतला तर अंश, रिॲक्टन्स आणि रेडिएशन रेझिस्टन्स जवळजवळ तसेच येतात. गच्चीवर माती नसते, म्हणून रेडियल कठड्याच्या कडेने, शक्य तितके जास्त आणि वेगवेगळ्या दिशांना पसरा. टोकं उघडी ठेवू नका, इन्सुलेट करा, कारण तिथे कपडे वाळत घालायला माणसं येतात. पाण्याच्या टाकीची लोखंडी पायरी किंवा स्लॅबमधलं लोखंड यांच्यावर भरवसा ठेवू नका. त्यांचे सांधे कुठे गंजले आहेत ते दिसत नाही.

पावसाळ्यानंतरची तपासणी

ट्यूनिंगच्या दिवशीचे दोन आकडे, रेझोनन्सची वारंवारता आणि तिथला रेझिस्टन्स, डब्याच्या झाकणाच्या आत मार्करने लिहा. ऑक्टोबरमध्ये छोटी कॉइल सोडवून तेच पुन्हा मोजा. रेझिस्टन्स थोडा उतरलेला दिसला तर तो ओल्या मातीचा गुण. मार्च-एप्रिलपर्यंत तो परत चढेल. दोन-चार ओहमने चढलेला दिसला तर कुदळीने किंवा गवत कापताना रेडियल तुटले आहेत, किंवा पट्टीवरचे बोल्ट गंजले आहेत. आधी बोल्ट पाहा. वारंवारता वर सरकली असेल तर टॉप हॅटची एखादी तार तुटली आहे. खाली सरकली असेल तर कुठली तरी फांदी वाढून तारेपाशी पोहोचली आहे किंवा तार सैल होऊन खाली झुकली आहे. कोॲक्सच्या कनेक्टरवरची टेप सोलून आत पाणी शिरलं नाही ना, हे त्याच वेळी बघून घ्या आणि नवी टेप खालून वर गुंडाळा, म्हणजे प्रत्येक थर खालच्यावर चढतो आणि पाणी बाहेरच्या बाहेर निथळतं.